काहील उतरल्यावर बोलू

माघ सरत आला की विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतही एखाद्या दुपारी हळदीचा वास येतो. इथं हळद कुणी शिजवत नाही. बंगल्यांच्या मधल्या रिकाम्या जागाही आता भरून गेल्या आहेत. बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांमधल्या पोत्यांची धूळ उडत असेल, तिचाच तो वास असणार. सूनबाई म्हणते, "आई, तुमचं नाकच तिखट आहे. मला तर काही येत नाही." असेलही. या वयात डोळे गेले, गुडघे गेले आणि नाक तेवढं शाबूत राहिलं, यात देवाचा काय हिशेब आहे ते त्यालाच ठाऊक.

परवा असाच वास सुटला होता. मी पायरीवर मटार सोलत बसले होते आणि समोर माझी नात सायकल शिकत होती. वळणावर ती आपटली. गुडघा फुटला, रक्त आलं. तिनं तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "ऊठ."

शब्द माझ्या तोंडून आला, पण आवाज माझा नव्हता. तो माझ्या आईचा होता. नात गपकन उठली आणि हुंदका गिळून सायकल उचलायला लागली. सूनबाईला याचं फार कौतुक वाटलं. ती हल्ली मुलं वाढवण्यावरची व्याख्यानं ऐकायला जाते. मुलांना खंबीर कसं करावं, पडल्यावर उभं राहायला कसं शिकवावं, असले विषय असतात. रात्रीच्या भाजीची तयारी करताना ती म्हणाली, "तुम्ही आणि वसंतमामा किती खंबीर आहात हो! तुमच्या आईंनी नेमकं काय केलं होतं?"

"सांगेन कधीतरी," असं म्हणून मी देवापुढे दिवा लावायला उठले. सांगायला हरकत नव्हती. पण आमच्या घरातल्या खंबीरपणाची सुरुवात एका रडक्या माणसापासून होते, आणि ते व्याख्यानात बसण्यासारखं नाही.

तो रडका माणूस म्हणजे आमचे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते पलटणीत शिपाई होते, म्हणून हे सांगताना जरा चमत्कारिक वाटतं. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव. भाताची चिंचोळी खाचरं, नाचणी, आणि घरटी एक तरी माणूस पलटणीत. आबा सुट्टीवर आले की रडायचे, सुट्टी संपली की रडायचे, गाय व्याली तरी डोळे पुसायचे. शेजारपाजारच्या पोरींची पाठवणी असली की नवरीच्या आईआधी आबांचा गळा भरून यायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आईला त्याची भारी लाज वाटायची.

लढाई सुरू झाल्यावर ते निघाले, तो दिवस मला आठवतो. मेढ्याला मोटार उभी होती. सगळ्या गर्दीत आबांनी वसंताला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, उचलून घेतलं आणि ते हमसून हमसून रडायला लागले. वसंता त्यांच्या मिशा ओढत "आबा, आबा" करत होता. आईनं त्याला त्यांच्याकडून काढून घेतलं.

"आवं, मानसं बघत्यात," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पोरास्नी काय शिकवताय ह्ये?"

आबा मोटारीत बसले. काचेतून त्यांचा ओला चेहरा दिसत होता आणि आई दुसरीकडे बघत होती. मग मोटार साताऱ्याच्या रस्त्याला लागली.

लढाई लांबत गेली. आबांची खबर यायची ती थांबली. मग शेजारच्या गावचा एक शिपाई जायबंदी होऊन घरी आला. आबांना नेणारी बोट बुडताना त्यानं दुसऱ्या बोटीवरून डोळ्यांनी पाहिली होती. तो खोटं बोलत नव्हता. बोट खरंच बुडाली होती. आईनं ते ऐकलं, त्याला ताक दिलं आणि आत जाऊन उरलेली नाचणी दळायला बसली. जात्याचा आवाज बराच वेळ येत होता.

आमचे थोरले चुलते, तात्या, यांनी मग ठरवलं की क्रिया उरकून घ्यायची. देह नाही तर पुतळा करायचा, अशी रीत आहे. पळसाची पानं दोऱ्यानं बांधून हातपाय केले. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. वसंता तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाचा. तात्यांनी त्याचा हात धरून त्याच्याकडून त्या पानांना अग्नी देववला. पानं तडतडली तसा वसंता मागे सरकला आणि आईकडे वळून म्हणाला, "आई, ह्यात आबा कुटं हायती?"

"गप," आई म्हणाली.

दहाव्याला वेण्णेच्या काठावर पिंड ठेवले. पाऊस नुकताच सरला होता, नदी गढूळ होती. समोरच्या उंबरावर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. माणसं आधी कुजबुजली, मग एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. मेलेल्याची काही इच्छा राहिली असली तर कावळा शिवत नाही, म्हणून ती ओळखायची आणि शब्द द्यायचा. तात्या म्हणाले, "गणपत, तुझी जमीन पोराचीच ऱ्हाईल, काळजी करू नगंस." कावळा हलला नाही. दुसरं कुणी म्हणालं, पोरीचं लग्न आम्ही लावून देऊ. तरी नाही. शेवटी भटजी म्हणाले, घरच्या बाईंना बोलू द्या.

आई लांब बायकांत बसली होती. ती उठून उभी राहिली. तिच्या मोकळ्या कपाळाची मला अजून सवय झाली नव्हती. ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"पोरांत जीव अडकला आसंल तर आईका. ह्यास्नी म्या तुमच्यावानी रडवं ठेवनार न्हाई. खंबीर करीन. कुनाफुडं डोळं गाळनार न्हाईत, ह्यो माजा शबूद."

कावळा पाठ फिरवून बसला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि मोकळे झाले. माणसं आंघोळी करून घरी गेली. आईचा शब्द तेवढा मागे उरला, आणि तिनं तो पाळायला घेतला.

पुढच्या दिवाळीच्या आत आम्ही सांगलीजवळ मामाच्या गावी आलो. तात्यांच्या घरात आधीच तोंडं फार होती. मामाचं गाव कृष्णाकाठचं, काळ्या जमिनीचं. डोंगरातून आलेल्या आम्हां पोरांना ती सपाटी बघून पहिल्यांदा भीतीच वाटली. कुठंही उभं राहिलं तरी आडोसा म्हणून नाही.

तिथं आईची शाळा सुरू झाली. तिच्या शाळेत शब्द एकच होता, "ऊठ." बांधावरून पडलो, ऊठ. ताप आला, जरा उतरला की ऊठ. पायात बाभळीचा काटा मोडला तर ती सुई आणून हातात द्यायची आणि समोर बसून राहायची. काढून होईपर्यंत स्वतः हात लावायची नाही. आबांचं नाव घरात काढायचं नाही, एवढा एक नियम तिनं कधी सांगितला नाही. आम्हांला तो न सांगता कळला.

एकदा कडब्याच्या गंजीजवळ वसंताला विंचू चावला. तो कुणाला बोलला नाही. दिवसभर शाळेत बसला, परत आला, म्हशीला पाणी पाजलं. संध्याकाळी मामी पाय धुवायला पाणी द्यायला गेली तेव्हा तिला त्याचा पाय दिसला. भोपळ्यासारखा सुजला होता. मामीनं कपाळावर हात मारला. "आगं बया! पोरा, बोलायचं न्हाईस व्हय रं?"

वसंता आईकडे बघत होता. आई जवळ आली, पाय हातात घेऊन पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. तो अभिमान होता. मग तिनं मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवली आणि पाय शेकत बसली. पहाटे मी जागी झाले तेव्हाही ती शेकतच होती. ती वाईट बाई नव्हती. आमच्या ताटात भाकरीचा पापुद्रा यायचा आणि तिच्या ताटात खालचा करपलेला भाग. हे मी सूनबाईला सांगितलं तर ती डोळे पुसेल, आणि मग मला काय बोलावं ते सुचणार नाही.

पहिले काही दिवस रडू यायचं आणि गिळावं लागायचं. नंतर ते येईनासंच झालं. आपल्याला आवर घालता येतो असं आधी वाटलं. पुढे ध्यानात आलं की आवरायला आत काही उरलेलंच नाही. गावातल्या जत्रेला गेलो तरी तसंच, मामाची म्हैस दगावली तरी तसंच. लोक आईला म्हणायचे, "पोरं काय घट केलीस गं!" आणि आई ते ऐकून घेऊन कामाला लागायची.

काम हळदीचं होतं. पौषात पाला कापायचा, मग जमीन खणून गड्डे काढायचे, माती झाडायची, हळकुंडं मोडून वेगळी करायची. मग शिवारात मोठं चुलवाण खणून त्यावर काहील, म्हणजे मोठी पसरट कढई, चढायची. काहिलीत हळद भरून वर तिचाच पाला, त्यावर ओली पोती, आणि खाली जाळ. वाफ सुटली की वास सगळ्या रानात भरायचा. तो वास घशात उतरायचा, भाकरीला यायचा, अंथरुणाला यायचा. हळद कच्ची राहिली तर कीड लागते, जास्त शिजली तर रंग मरतो. मधोमध हळकुंडात काडी टोचून बघायची आणि नेमक्या वेळी काहील उतरवायची. ते कसब आईनं एका हंगामात उचललं. मामा म्हणायचा, "काहिलीपाशी आक्का आसली की मला बघायला नगं."

बोडक्या कपाळाच्या बाईनं लग्नाच्या हळदीला हात लावू नये. पण काहिलीतल्या हळदीला तिचे हात चालायचे. आईचे हात कोपरापर्यंत पिवळे असत, नखांत पिवळं, पायांच्या भेगांत पिवळं. कपाळ तेवढं कोरडं. मामाची हळद सांगलीच्या बाजारात जायची, तिथून कुठंकुठं जायची. किती नवऱ्यामुलींच्या अंगाला ती लागली असेल, आणि शिजवणाऱ्या हातांची चौकशी कुणी केली नसेल.

लढाई संपल्यानंतरचा हंगाम. दुपारची वेळ होती. काहील भरात होती, वाफेत आईचा चेहरा दिसत नव्हता. वसंता चुलवाणात पाचट सारत होता, मी पोती ओली करत होते. बांधावरून एक माणूस आला. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, गालफडं बसलेली. एका कानाची पाळी तुटलेली होती. वाफ बाजूला झाली तशी आई दिसली आणि तो माणूस जागच्या जागी थांबला.

मी त्यांना ओळखलं. ओळखलं आणि काहीच वाटलं नाही. पोत्यावर पाणी ओतत राहिले.

आबा दक्षिणेकडून रेल्वेनं मिरजेला उतरले होते. स्टेशनात मामाच्या गावचा एक जण भेटला. "तुमची मंडळी हिकडंच हायती," एवढं तो बोलला, पुढचं बोलायची त्याची छाती झाली नाही. बोट बुडाली होती, पण वाचलेल्यांना शत्रूनं पाण्यातून काढून कैदेत टाकलं होतं. हे सगळं आम्हांला नंतर कळलं. त्या घटकेला आबा फक्त आईच्या कपाळाकडे बघत होते. मग तिच्या गळ्याकडे, मग मनगटांकडे.

"म्हंजी," ते म्हणाले, "म्या मेलो व्हय?"

आईच्या हातातली काडी तशीच होती. ती वळून म्हणाली, "वसंता, त्यास्नी पानी दे."

वसंतानं तांब्या भरून दिला. आबा पाणी प्यायले नाहीत, तांब्या धरून गुडघ्यावर बसले. "वळकलंस का रं मला?"

"वळकलं," वसंता म्हणाला. "पर तुमचं दहावं म्या केलंय."

असं म्हणून तो जाळाकडे परत गेला, कारण जाळ कमी होत होता. आबा आईकडे बघत राहिले. आई हळकुंडात काडी टोचून बघत होती. काडी अजून नीट जात नव्हती.

"काहील उतरल्यावर बोलू," ती म्हणाली.

आबा बांधावर बसून राहिले. आम्ही तिघं काम करत होतो आणि ते बघत होते. कुणी धावलं नाही, कुणी कुणाला कवटाळलं नाही. लांबून कुणी पाहिलं असतं तर मजूर आणि मुकादम वाटलो असतो. काहील उतरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ती हळद फार चांगली उतरली होती, असं मामा नंतर सांगायचा.

ज्याची क्रिया झाली तो माणूस तसाच घरात घेता येत नाही. भटजींनी पोथी पाहिली आणि सांगितलं की त्यांना पुन्हा जन्माला यावं लागेल. बाळाचे संस्कार, मग बारसं, मग लग्न, तेही त्याच बायकोशी. तोवर आबा शिवारातल्या खोपीत राहिले. मेढ्याहून तात्या आले. त्यांना आबांकडे मान वर करून बघवेना. पुन्हा पुन्हा एकच म्हणायचे, "कावळा शिवला न्हवता रं. तवाच कळाया पायजे हुतं आमास्नी."

बारशाला गाव लोटलं. तुपानं माखून, न्हाऊ घालून आबांना पाटावर बसवलं. बायकांना हसू आवरेना, त्या एकमेकींना ढोसत होत्या. कानात नाव सांगायला आत्या लागते. आबांना बहीण नव्हती. भटजी म्हणाले, पोरगी सांगेल, आता तीच वडील. पुन्हा हशा पिकला. मी वाकले. त्या तुटक्या पाळीपाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि बापाला बापाचं नाव सांगितलं, "गणपत." त्यांच्या कानाला तुपाचा वास येत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. गाय व्याली तरी रडणारा तो माणूस, आता रडेल असं मला वाटलं. ते रडले नाहीत. तिकडून आलेले आबा रडतच नव्हते. आईला हवा होता तसा नवरा शेवटी तिला मिळाला होता.

लग्नाच्या हळदीवरून थोडी तणतण झाली. मामीनं घरचीच हळद वाटायला घेतली, तर म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, ही चालायची नाही, ही हिनं त्या कपाळानं शिजवलेली आहे. मग शेजारच्या जैनांच्या घरून हळद आणली. आई पाटावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "साऱ्या मुलखाच्या लग्नास्नी माजीच हळद चालली. मलाच तेवडी न्हाई व्हय?" आणलेली हळद तिच्या हातांना लावली, पण पिवळ्यावर पिवळं काही दिसेना.

मंगळसूत्र बांधताना आबांच्या हातून गाठ दोनदा सुटली. आई मान वाकवून म्हणाली, "घट बांदा."

आणि आम्ही पुन्हा एक कुटुंब झालो, निदान गावाच्या लेखी तरी.

हरिपूरला एका व्यापाऱ्याच्या पेवांवर आबांना काम मिळालं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड अरुंद, पोटात हळदीची थप्पी. वर माती लिंपून बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकते. पण बंद पेवातली हवा मेलेली असते. उघडलं की लगेच आत उतरणारा माणूस परत येत नाही. म्हणून तोंड उघडून आधी नुसतं बसायचं. मग दोरीनं कंदील आत सोडायचा. विझला तर अजून बसायचं. वसंता दुपारी त्यांची भाकरी घेऊन जायचा. मी कधी सोबत गेले तर दोघे पेवाच्या दोन बाजूंना बसलेले दिसायचे. आबा एकदा बोलले ते आठवतं. "घाई न्हाई करायची. मोकळी हुईल हवा." वसंता कंदिलाकडे बघत होता. कंदील विझत होता, आबा तो वर ओढून पुन्हा पेटवत होते.

वसंता त्यांचं सगळं करायचा. पाय चेपायचा, पाणी काढायचा, त्यांनी सांगितलेलं एक काम कधी टाळलं नाही. फक्त हाक मारायचा नाही. जेवायला बोलवायचं झालं तर मला म्हणायचा, "त्यास्नी सांग, पानं वाडल्यात." आबांनाही मग तीच सवय लागली. "वसंताला म्हनावं, म्हस सोड." दोघे एका सोप्यात, आणि निरोप माझ्यामार्फत. आधी मला गंमत वाटायची. नंतर तेही वाटेनासं झालं.

एकदा मी त्यांच्या सदऱ्याला गुंडी लावत होते, तेव्हा ते म्हणाले, "शांते, त्यो मला हाक कवा मारंल गं?"

"मारंल की," मी म्हटलं.

"लय न्हाई. एकडाव आबा म्हनला तरी बास हाय."

आई चुलीपाशी होती. तिनं ते ऐकलं. तिनं वसंताला हाक मारून समोर उभं केलं. "वसंता, ह्यास्नी आबा म्हन." वसंतानं आईचा शब्द आजवर मोडला नव्हता. त्यानं तोंड उघडलं. आवाजच आला नाही. तो तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिला, आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. आई दुसऱ्यांदा म्हणाली नाही. तिनं तवा उचलला, परत ठेवला, परत उचलला. आबाच म्हणाले, "जाऊ दे, लेकरा. जा खेळाया."

त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. स्वातंत्र्य आलं. संस्थानं गेली. सांगलीचीही गेली आणि औंधचीही. मिरवणुका निघाल्या, पेढे वाटले. वसंता शाळेत पहिला आला, पुण्याला गेला, पाटबंधाऱ्यात साहेब झाला. नदीला पूर आला की सगळी धावाधाव करायची आणि तो एका जागी उभा राहून हुकूम द्यायचा. माणसं म्हणायची, साहेब डगमगत नाहीत. माझं लग्न झालं, पाठवणीला मी रडले नाही म्हणून सासरी थोडी चर्चा झाली. पुढे मी शाळेत शिकवलं. मुली माझ्यासमोर रडायच्या, तेव्हा मी त्यांना पाणी द्यायची आणि खिडकीबाहेर बघायची. त्या काय करत आहेत ते मला कळायचं, पण मला ते भाषांतर करून घ्यावं लागायचं.

आबा गेले ते माघातच. म्हातारपणानं, अंथरुणात, आमच्या सगळ्यांसमोर. शेवटच्या आठवड्यात वसंता त्यांच्या उशाशी होता. चमच्यानं पाणी पाजत होता. तरीही "शांते, त्यांना विचार, पाठ दुखतेय का," असंच म्हणत होता. तेव्हा त्याचेही केस पिकले होते. आबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि थोडं हसले.

दहाव्याला हरिपूरच्या संगमावर गेलो. आई हट्टानं आली. तिचं कपाळ पुन्हा कोरडं झालं होतं, दुसऱ्यांदा. मी तिला धरून पायरीवर बसवलं. पलीकडच्या रानातून हळद शिजण्याचा वास येत होता. पिंड मांडले. कावळे भरपूर होते, पण पिंडाकडे कुणी फिरकेना.

मामाचा मुलगा म्हणाला, "आत्याला आम्ही काही कमी पडू देणार नाही." कावळा बसून राहिला. मी म्हणाले, "आईला मी माझ्याकडे नेते." तरी नाही. भटजींनी दर्भ हातात घेतला आणि घड्याळाकडे पाहिलं. मला त्या वेळी काय वाटत होतं असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. पायाखालची फरशी तापली होती, तेवढं आठवतं.

वसंता पुढे झाला. पिंडांसमोर उभा राहिला. साहेब झाल्यापासून तो शहरातलंच बोलायचा, आमच्याशीसुद्धा. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी आईकडे पाहिलं. ती पुढे वाकून त्याच्या तोंडाकडेच बघत होती.

मग आवाज आला. बारीक, लहान पोराचा असतो तसा.

"आबा," तो म्हणाला. "आबा, ह्या टायमाला खरंच गेलासा न्हवं?"

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

माणसं हुश्श करून उठली. कुणी धोतर झटकलं, कुणी नदीकडे निघालं. वसंता तापल्या फरशीवर खाली बसला. त्याचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हता, मग आला. मोठा झाला. लोक वळून बघायला लागले. एवढ्या मोठ्या साहेबाला असं बघून मामाचा मुलगा गडबडला आणि त्याला उठवायला पुढे झाला. मीही उठले.

आईनं माझा पदर धरला. तिची बोटं अजूनही पिवळट होती, तो रंग तिच्या कातडीतून कधी गेलाच नाही.

"उटवू नगा त्येला," ती म्हणाली. "बसू द्या."